हॅझर्ड लागतो, इंडिकेटर लागत नाही : एका जुन्या मारुती ८०० चे प्रकरण

रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर रोजच्या वापरात असलेल्या एका मारुती ८०० च्या इंडिकेटरचे हे प्रकरण आहे. गाडी १९९९ सालची, ७९६ सीसीची, कार्ब्युरेटरवर चालणारी, चार गिअरची. मालक निवृत्त शिक्षक आहेत. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हटले आहे. गाडी घरासमोर पत्र्याच्या शेडखाली उभी असते. शेड बाजूंनी मोकळी आहे आणि समुद्र तिथून फार दूर नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २०२४ च्या अखेरीस ही मुदत पुन्हा येत होती आणि इंडिकेटर बंद असलेली गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून पाऊस ओसरल्यावर गुरुजींनी ती माझ्याकडे दुरुस्तीला आणली.

मुख्य तक्रार अशी होती की इंडिकेटरची दांडी वर किंवा खाली केली तरी बहुतेक वेळा काहीच होत नसे, मात्र हॅझर्डचे बटण दाबले की चारही दिवे न चुकता उघडझाप करत. तक्रारीला आणखीही फाटे होते. एखाद्या खड्ड्यात चाक आदळले की बंद पडलेले इंडिकेटर अचानक सुरू होत आणि पुढच्या वळणावर पुन्हा दगा देत. ते चालू असले तर उजवीकडची उघडझाप ठीक असे, डावीकडची मात्र फार जलद होई, आणि डावा इंडिकेटर दिलेला असताना ब्रेकवर पाय ठेवला की मागचा डावा दिवा जवळजवळ विझून जाई. रात्री गाडीच्या मागून आलेल्या एका शेजाऱ्याने गुरुजींना सांगितले होते की, डावीकडे वळताना तुमचे मागचे लाल दिवेसुद्धा फडफडतात. शिवाय उन्हाळ्यात मधूनच एक फ्यूज उडत असे. त्याचा या सगळ्याशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते.

गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी तिच्यावर बरेच काम झाले होते. एका दुकानात फ्लॅशर, म्हणजे दिव्यांची उघडझाप घडवणारा भाग, बदलला गेला, काही महिन्यांनी दुसरीकडे तोच पुन्हा बदलला गेला. सगळे बल्ब नवे घातले गेले, त्यांत पुढच्या दोन्ही इंडिकेटरना एलईडी बल्ब बसवले गेले आणि त्यांच्या जोडीला रेझिस्टर लावले गेले. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी फ्यूज बॉक्सच्या झाकणावर छापलेल्या आकड्याच्या दुप्पट क्षमतेचा फ्यूज घातला गेला. एवढे सगळे होऊनही मूळ तक्रार तशीच राहिली. फ्लॅशर हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि हाताला चटकन लागणारा भाग असल्यामुळे इंडिकेटर बंद पडला की पहिला हात त्यालाच लागतो. या गाडीत मात्र फ्लॅशर निर्दोष असल्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता, आणि तो कोणी वाचला नाही ही या प्रकरणातली खरी अडचण होती.

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. इंडिकेटर लागत नाहीत म्हणून गुरुजी वळताना हॅझर्ड लावत असत. काहीच न दाखवण्यापेक्षा काहीतरी दाखवलेले बरे, असा त्यांचा विचार होता. हेतू चांगला असला तरी हे धोक्याचे आहे. मागून किंवा बाजूने येणाऱ्याला गाडीची नेहमी दोन्ही टोके दिसतातच असे नाही. मध्ये रिक्षा किंवा ट्रक असला तर त्याला एकाच बाजूचा दिवा उघडझाप करताना दिसतो, आणि गाडी उजवीकडे वळणार असताना ती डावीकडे वळते आहे असे समजून तो नेमका उजवीकडून पुढे काढतो. घाटातल्या धुक्यात आणि मुसळधार पावसात चालत्या गाडीचे हॅझर्ड लावून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिच्यातही हाच दोष आहे, कारण हॅझर्ड चालू असताना इंडिकेटरचा इशारा कोणापर्यंत पोहोचत नाही. इंडिकेटर बंद असतील तर खिडकीतून हाताने इशारा करावा, तो अधिक स्पष्ट असतो. हे मी गुरुजींना सांगितले आणि त्यांनी ते लगेच मानले.

प्रवाहाची वाट

या गाडीत इंडिकेटर आणि हॅझर्ड या दोन्हींसाठी फ्लॅशर एकच आहे. काही गाड्यांत दोन वेगळे फ्लॅशर असतात आणि तिथे पुढचा तर्क जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीवर काम करताना हे आधी पाहून घ्यावे. एकच फ्लॅशर असलेल्या या मांडणीत इंडिकेटरचा प्रवाह बॅटरीकडून इग्निशन स्विचला, तिथून इंडिकेटरच्या फ्यूजला, फ्यूजमधून हॅझर्डच्या स्विचला, तिथून फ्लॅशरला, फ्लॅशरमधून दांडीच्या स्विचला आणि शेवटी डाव्या किंवा उजव्या बल्बांना जातो. बल्बमधून तो अर्थमार्गे, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या बॉडीतून, बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. हॅझर्डचा प्रवाह मात्र इग्निशनला वळसा घालून, बॅटरीला कायम जोडलेल्या वेगळ्या फ्यूजमधून हॅझर्डच्या स्विचला येतो, त्याच फ्लॅशरमधून जातो, आणि दांडीच्या स्विचला बाजूला ठेवून हॅझर्डचा स्विचच त्याला दोन्ही बाजूंच्या बल्बांना एकदम जोडतो.

इथे पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की इंडिकेटरचा प्रवाहसुद्धा हॅझर्डच्या स्विचमधून जातो. बटण न दाबलेल्या स्थितीत त्या स्विचमधली एक पट्टी इग्निशनकडून आलेला प्रवाह फ्लॅशरला देत असते. बटण दाबले की ती जोडणी तुटते आणि तिच्या जागी बॅटरीकडून थेट आलेली तार फ्लॅशरला जोडली जाते. म्हणजे वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस ज्याला कोणी हात लावत नाही, त्या बटणाच्या विश्रांतीच्या स्थितीवर रोजचे इंडिकेटर अवलंबून असतात.

ही वाट कागदावर काढली की तक्रारीतच अर्धे उत्तर सापडते. हॅझर्ड लागतो, याचा अर्थ फ्लॅशर चांगला आहे, बल्ब चांगले आहेत आणि बल्बांपर्यंतच्या तारा अखंड आहेत, कारण हे सगळे दोन्ही वाटांवर सामाईक आहे. इंडिकेटर लागत नाही, याचा अर्थ दोष फक्त इंडिकेटरच्याच वाटेवर असलेल्या भागांत, म्हणजे इग्निशन स्विच, इंडिकेटरचा फ्यूज, हॅझर्डच्या स्विचची विश्रांतीची जोडणी आणि दांडीचा स्विच, यांपैकी कुठेतरी आहे. दोन्ही बाजू एकदम बंद पडतात, त्यामुळे दांडीच्या स्विचमधला एकट्या डाव्या किंवा एकट्या उजव्या बाजूचा संपर्कबिंदू संशयातून सुटतो. एवढा निष्कर्ष एकही स्क्रू न काढता निघतो, आणि तो निघाल्यावर फ्लॅशर बदलण्याचे कारणच उरत नाही.

गाडी मूळ रूपात आणणे

मोजमाप घेण्याआधी पुढचे एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर काढून २१ वॉटचे साधे बल्ब परत बसवले. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्बांतून जाणारा प्रवाह मोजत असतो. एखादा बल्ब गेल्यामुळे प्रवाह कमी झाला की तो उघडझापीचा वेग जवळजवळ दुप्पट करतो, आणि चालकाला बल्ब गेल्याचे कळावे म्हणूनच तशी योजना केलेली असते. एलईडी फारच कमी प्रवाह घेतो, म्हणून फ्लॅशरला तो बल्ब गेल्यासारखाच वाटतो, आणि त्याची समजूत काढण्यासाठी रेझिस्टर जोडला जातो. या गाडीतले रेझिस्टर ६ ओहमचे होते. १३.५ व्होल्टला असा रेझिस्टर पेटलेल्या अवस्थेत सुमारे ३० वॉट उष्णता सोडतो. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने तारांच्या जुडग्यालाच बांधलेले होते, आणि उजवीकडच्या रेझिस्टरखालच्या दोन तारांचे आवरण वितळून एकमेकांना चिकटले होते. तेवढा भाग कापून नवी तार जोडली. वाचवलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळून टाकणारी ही जोडणी माझ्या मते जुन्या गाडीत करूच नये. एलईडीच हवे असतील तर त्यांच्यासाठी बनवलेला, प्रवाहाकडे न पाहणारा फ्लॅशर बसवणे हा योग्य मार्ग आहे.

दुप्पट क्षमतेचा फ्यूज काढून झाकणावर छापलेल्या आकड्याचा बसवला. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो; तो तारेपेक्षा बलवान झाला तर शॉर्ट झाल्यावर जळायचे काम तारेला करावे लागते.

हॅझर्डचा स्विच

आता चार संशयितांची पाळी होती. इंडिकेटरच्याच फ्यूजवर रिव्हर्सचा पांढरा दिवाही आहे. इग्निशन चालू करून रिव्हर्स गिअर टाकला तर तो दिवा स्वच्छ लागत होता, म्हणजे इग्निशन आणि फ्यूज या क्षणी तरी निर्दोष होते. उरले हॅझर्डचा स्विच आणि दांडीचा स्विच.

हॅझर्डच्या स्विचचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, न काढता त्याच्या मागून तपासणी केली. स्विचमध्ये येणाऱ्या इग्निशनच्या तारेवर मल्टिमीटर १२.३ व्होल्ट दाखवत होता. स्विचमधून फ्लॅशरकडे जाणाऱ्या तारेवरही तो दांडी मध्यावर असताना १२.२ व्होल्ट दाखवत होता. केवळ मीटरवर विश्वास ठेवला असता तर स्विच चांगला आहे असे मानून पुढे गेलो असतो. पण त्याच तारेला टेस्ट लॅम्प म्हणून २१ वॉटचा बल्ब जोडून त्याचे दुसरे टोक बॉडीला लावले, तेव्हा बल्ब लागला नाही आणि मीटरवरचा आकडा एका व्होल्टच्याही खाली कोसळला. स्विचमध्ये येणाऱ्या तारेवर तोच बल्ब ठेवला तर लख्ख पेटत होता.

या दोन वाचनांमधला फरक नीट समजून घ्यावा, कारण जुन्या गाडीच्या वायरिंगमधले निम्मे दोष इथेच लपलेले असतात. मल्टिमीटर मोजण्यासाठी जवळजवळ शून्य प्रवाह घेतो. संपर्कबिंदूवर कळंक चढून त्याचा रोध कितीतरी पटींनी वाढला असला तरी इतक्या क्षीण प्रवाहाला तो अडवत नाही आणि मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसते. एका बाजूचे २१ वॉटचे दोन आणि ५ वॉटचा एक असे बल्ब मिळून सुमारे ४ अँपिअर मागतात, आणि तेवढा प्रवाह त्या कळंकातून जाऊ शकत नाही. म्हणून दिव्यांच्या वायरिंगमध्ये व्होल्टेज नेहमी भार जोडलेला असतानाच मोजावे. गॅरेजमधला जुना टेस्ट लॅम्प इथे महागड्या मीटरपेक्षा अधिक खरे बोलतो.

बॅटरीचे ऋण टोक सोडवून स्विच बाहेर काढला आणि पारदर्शक पिशवीत हात घालून उघडला, कारण अशा स्विचमधल्या बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या एकदा उडाल्या की पुन्हा सापडणे कठीण असते. आत कारखान्यात भरलेले ग्रीस वाळून तपकिरी पापडीसारखे झाले होते. सरकणाऱ्या पितळी पट्टीवर दोन जागा होत्या. बटण दाबल्यावर ती जिथे टेकते ती जागा चकचकीत होती. विश्रांतीत जिथे टेकते त्या जागेवर मात्र हिरवट काळा थर होता आणि त्याच्या मधोमध, ठिणग्यांनी करपलेला, मोहरीएवढा खड्डा होता. वर्षानुवर्षे न हललेल्या संपर्कबिंदूवर खारी दमट हवा काम करत राहते, त्याचा रोध वाढतो, रोधामुळे तो तापतो आणि तापल्यामुळे आणखी खराब होतो. बटण चार-सहा वेळा दाबले की पट्टी घासली जाऊन थर थोडा खरवडला जातो आणि इंडिकेटर काही दिवस चालतात. खड्ड्यात आदळल्यावर ते का सुरू होत असत, हेही यावरून उलगडते.

पट्टी आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन मग पेन्सिलच्या खोडरबरने घासली. पॉलिश पेपर मी इथे मुद्दाम टाळला, कारण त्याने वरचा मुलामा निघून जातो आणि उघडे पडलेले पितळ पहिल्यापेक्षा लवकर कळकते. खड्डा खोल नव्हता, त्यामुळे पट्टी किंचित वाकवून तिचा टेकण्याचा दाब वाढवता आला. विजेच्या संपर्कासाठी मिळणारे ग्रीस अगदी पुसटसे लावून स्विच परत बांधला. एका बाजूचा पूर्ण भार चालू असताना स्विचच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक ०.१ व्होल्टच्या आत आला. नवा स्विच मिळत असेल तर तो बसवणे सोपे आहे, यात शंका नाही, पण बाजारात मिळणाऱ्या काही नकली स्विचमधल्या पट्ट्या इतक्या पातळ असतात की साफ केलेला मूळ स्विच मला त्यांच्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

दांडी फिरवली आणि दोन्ही बाजू लागल्या. उजवीकडची उघडझाप मिनिटाला ८० च्या आसपास होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ती ६० ते १२० च्या दरम्यान असली पाहिजे, त्यामुळे ती बाजू समाधानकारक होती. डावीकडची मात्र सगळे बल्ब लागत असूनही जलद होती. म्हणजे एक दोष दूर झाला तेव्हा त्याच्या आड असलेला दुसरा दोष पूर्णपणे उघडा पडला.

मागची डावी बाजू

डावा इंडिकेटर चालू ठेवून गाडीच्या मागे उभे राहिल्यावर शेजाऱ्याने सांगितलेले दृश्य दिवसाउजेडीही दिसले. मागचा डावा इंडिकेटर पिवळसर, मलूल पेटत होता. त्याच तालावर त्याच घरातला ब्रेकचा दिवा मंद लाल उघडझाप करत होता. आणि, हे सर्वांत बोलके होते, ब्रेकला कोणी हात न लावता पलीकडच्या, उजव्या बाजूच्या ब्रेकच्या दिव्यातही अगदी फिकट झाक येत होती. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर विझल्यासारखा होई आणि त्याच वेळी पुढचा डावा इंडिकेटर, जो खरे तर उघडझापीच्या मधल्या क्षणी काळा पडायला हवा, तो अंधुक जळत राही.

एका दिव्याच्या घरातले असे परस्परांत मिसळलेले वागणे हे तुटक अर्थचे लक्षण आहे. मागच्या डाव्या घरातल्या सगळ्या बल्बांची परतीची वाट एकच काळी तार असते. ती बॉडीपर्यंत नीट पोहोचत नसेल तर इंडिकेटरच्या बल्बमधून आलेला प्रवाह अडून राहत नाही, मिळेल त्या वाटेने परततो. शेजारच्या ब्रेकच्या बल्बमधून तो उलटा शिरतो, ब्रेकच्या तारेने उजव्या बाजूला जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडतो. वाटेत एकाऐवजी तीन बल्ब एकापुढे एक आल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे व्होल्टेज येते आणि तिन्ही मलूल पेटतात. ब्रेक दाबल्यावर ब्रेकच्या तारेवरच पूर्ण व्होल्टेज येते, ही आडवाट बंद होते, इंडिकेटरच्या बल्बच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखे व्होल्टेज मिळते आणि तो विझतो. उलट उघडझापीच्या मधल्या क्षणी ब्रेकचा प्रवाह इंडिकेटरच्या बल्बमधून मागे शिरून डाव्या इंडिकेटरच्या हिरव्या-लाल तारेने पुढच्या बल्बपर्यंत जातो. जलद उघडझापीचे कारणही हेच होते: डाव्या बाजूचा एकूण प्रवाह कमी पडल्यामुळे फ्लॅशरने बल्ब गेला असे मानले. हॅझर्डमध्ये दोन्ही बाजूंचा प्रवाह मिळून त्या मर्यादेच्या वर राहत होता, म्हणून तिथे वेग ठीक होता.

उघडझाप होत असताना मीटरचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून फ्लॅशर काढून त्याच्या सॉकेटमधली बॅटरीकडची आणि दिव्यांकडची अशी दोन टोके, मध्ये फ्यूज असलेल्या तारेच्या तुकड्याने जोडली. आता दिवे सलग पेटत राहिले. मागच्या डाव्या होल्डरच्या अर्थ पट्टीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तर ५.६ व्होल्ट दिसले. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.२ व्होल्टच्या पुढे जाऊ नये. १२ व्होल्टांपैकी जवळजवळ निम्मे व्होल्टेज परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. एक जादा तार होल्डरच्या अर्थवरून डिकीतल्या खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला टेकवली, त्या क्षणी डावा दिवा लख्ख झाला आणि लाल दिव्यांतली झाक नाहीशी झाली. याहून साधी आणि निर्णायक चाचणी मला माहीत नाही. कोणत्याही मालकाला ती घरी करता येईल.

डिकीचे कार्पेट उचलले तर अर्थचा स्क्रू गंजलेला होता, पण त्यावरचा थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. पूर्वी कोणीतरी तो घासून परत आवळलाही असावा. खरा दोष थिंबलच्या आत होता. त्याच्या मानेपाशी तारेचे आवरण सोलल्यावर तांब्याचे धागे काळे आणि ठिसूळ निघाले, नखाने मोडत होते. खारा ओलावा आवरणाच्या आत धाग्याधाग्यांमधून वर चढतो, म्हणून सोलून दिसलेला काळा भाग तोडून भागत नाही. लालसर चमकते तांबे लागेपर्यंत मागे मागे कापत जावे लागते. इथे ते वीतभर अंतरावर लागले. तिथून नवी काळी तार सोल्डर करून जोडली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, नवा थिंबल दाबून बसवला आणि बॉडीवरचा रंग व गंज पत्रा दिसेपर्यंत खरवडून दातेरी वॉशरसह बोल्टने आवळला. घट्ट झाल्यावर वरून रंग आणि ग्रीस लावले. हे आधी लावले तर तेच अर्थच्या आड येते. त्याच भारावर फरक ०.०५ व्होल्ट झाला आणि डावीकडचा वेग उजवीइतका आला.

पाणी येत होते ते मागच्या दिव्याच्या कडेच्या रबराच्या पट्टीतून. पट्टी कडक होऊन आकसली होती. ती बदलली नसती तर नवा थिंबलही काही पावसाळ्यांनी त्याच वाटेने गेला असता.

उन्हाळ्यातला फ्यूज

फ्यूजचा प्रश्न उरला होता. माझ्यासमोर तो एकदाही उडाला नव्हता, आणि जे घडताना दिसत नाही ते शोधायचे तर मालकाला विचारावे लागते. "गुरुजी, फ्यूज उडतो तेव्हा गाडीत काय असतं?" असे विचारले तेव्हा त्यांनी थोडा विचार करून सांगितले, "मे महिन्यातच उडतो बघा. आंब्याच्या पेट्या घेऊन निघालो की." पेट्या डिकीत भरलेल्या असतात आणि घरच्या अंगणातून रस्त्यावर येताना गाडी मागे घ्यावी लागते. इंडिकेटर आणि रिव्हर्सचा दिवा एकाच फ्यूजवर आहेत हे आधीच कळले होते, त्यामुळे नजर सरळ डिकीच्या बाजूच्या आवरणाकडे गेली.

आवरण काढले तर आत रिव्हर्स हॉर्नची जोडणी सापडली. गाडी मागे घेताना वाजणारा तो हॉर्न कधीकाळी बसवला गेला होता आणि आता मुका झाला होता. त्याची तार रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेला नुसती पिळून जोडलेली होती, वरची चिकटपट्टी उन्हाने पाघळून सरकली होती आणि पीळ उघडा पडला होता. पेटीच्या कडेने आवरण आत दाबले गेले की तो पीळ पत्र्याच्या कडेला टेके, आणि त्याच वेळी रिव्हर्स गिअर पडला की शॉर्ट होऊन फ्यूज उडे. त्यानंतर इंडिकेटर बंद आणि हॅझर्ड चालू अशी तीच स्थिती होई, जी एरवी हॅझर्डच्या खराब स्विचमुळे होत होती. एकाच लक्षणाची दोन कारणे वेगवेगळ्या ऋतूंत काम करत होती, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तक्रार परत का येत असे याचा उलगडा यातून झाला. दुप्पट क्षमतेच्या फ्यूजने हा प्रश्न दडपला होता. पुढच्या मे महिन्यात फ्यूजऐवजी डिकीतली तार तापली असती, आणि तिच्यापासून फार लांब पेट्रोलची टाकीही नाही. हॉर्न काढून टाकला, तार मूळ जागी नीट जोडून बांधली आणि बाजूच्या क्लिपमध्ये बसवली.

शेवटी उजव्या मागच्या दिव्याचा अर्थही उघडून पाहिला. मोजमापात तो चांगला होता, ०.१ व्होल्टच्या आत, पण थिंबलच्या मानेपाशी हिरवा डाग धरू लागला होता. डाव्या बाजूइतकेच त्याचे वय आणि तेवढीच खारी हवा, म्हणून तोही त्याच वेळी बदलला आणि त्या बाजूची रबराची पट्टीही नवी घातली. मग इंजिन चालू करून डावा, उजवा आणि हॅझर्ड, प्रत्येक ब्रेकसह आणि ब्रेकविना, मागचे लाल दिवे लावून आणि न लावता, डिकीत भरलेली पोती ठेवून रिव्हर्स गिअरमध्ये, असे सगळे मेळ पाहिले. गाडीवर पाण्याचा पाइप धरून तेच पुन्हा केले. गुरुजींना महिन्यातून एकदा हॅझर्डचे बटण आठ-दहा वेळा दाबून सोडायला सांगितले आहे, आणि मूळ क्षमतेचे दोन जादा फ्यूज त्यांच्या गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत.